चिखलवड्याचे काळे अंगठे

दुसऱ्याची चूक दिसली की ती सुधारल्याशिवाय मला जेवण जात नाही. हा गुण आहे की खोड, यावर माझं आणि बायकोचं एकमत नाही. स्वतःच्या लग्नात मी अंतरपाटाआडून भटजींचा एक उच्चार सुधारला होता. सासरेबुवा तेव्हापासून माझ्याशी बेतानंच बोलतात. अशा मी, आठल्ये मास्तरानं, एक भलीमोठी चूक डोळ्यांदेखत घडताना पाहिली आणि तोंडाला कुलूप लावलं, हे सांगून कुणाला पटत नाही. म्हणून लिहून ठेवतो.

चिखलवडे हे डोंबिवलीपासून दीड कोसावर, खाडीला चिकटून बसलेलं गाव. अर्धी वस्ती मिठागरात राबणारी, अर्धी मासळीवर जगणारी, आणि दोन्ही अर्ध्यांच्या उरावर सावकार दौलतदादा. शाळा एका खोलीची, मास्तर एकच. तो मी. डोंबिवलीहून सायकलवर जायचो, आणि वाटेतल्या चिखलामुळे बरेचदा सायकलच माझ्यावर बसून यायची.

पन्नास साली मतदारयादी करायचं काम सरकारनं माझ्या गळ्यात मारलं. बायकांची नावं लिहिताना माझा घसा बसला. कोणीही नाव सांगेना. सखुबाईच्या दारात तर मी जवळजवळ पेन मोडलं. साठीची बाई, जन्म मिठागरात गेलेला, आवाज खणखणीत.

"नाव?"

"लिव, भिवाची आय."

"भिवा तुमचा मुलगा. तुमचं नाव सांगा."

"आदी आमच्या धन्याची बायको व्हते. तो गेला. आथा भिवाची आय."

"आणि लग्नाआधी?"

"काळुरामाची पोर."

"अहो, तुमचं! तुमचं स्वतःचं नाव!"

ती उंबऱ्यावर बसली आणि विचार करू लागली. चुलीवरचा भात उतू गेला तरी उठली नाही. मग कुणा तिसऱ्याच बाईबद्दल सांगावं तशी हळूच म्हणाली, "सखु. सखुबाई." मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिनं ते आणखी दोनदा वाचायला लावलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या दारात हजर. हातात मिठाची पुडी. "मास्तर, नाव हाय ना अजून?"

"आहे. ते काय पळून जाणार आहे?"

"भरोसा नाय. इथं समदा दौलतचा हाय."

त्यानंतर दर सोमवारी सखुबाई मिठाची पुडी घेऊन यायची, मी यादी उघडून तिचं नाव दाखवायचो, ती अक्षरांकडं बघायची आणि जायची. वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीत आहे ते तिला पाठ झालं होतं. आमच्या घरी तेव्हापासून मीठ विकत आणलेलं नाही.

बावन्नच्या जानेवारीत मतदान ठरलं आणि दौलतदादा अपक्ष म्हणून उभे राहिले. निशाणी कंदील. समोर कल्याणचे एक वकील, निशाणी होडी. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. पेटीवर निशाणीचं चित्र, पेट्या पडद्याआड, आणि तुम्ही आत जाऊन हव्या त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. आता चिखलवड्याच्या माणसाला होडीचं चित्र दाखवल्यावर तो कुठं चिठ्ठी टाकणार? शिवाय दौलतदादांनी खाडीकडं जायच्या वाटेवर फाटक घातलं होतं, तेही लोक विसरले नव्हते. दादांनाही हे कळत होतं.

म्हणून त्यांच्या पुतण्यानं, गोपीनाथानं, 'निवडणूक रक्षक दल' काढलं. खोटे मतदार पकडायला. ज्या गावात कोंबडीसुद्धा चालीवरून ओळखतात तिथं खोटा मतदार कुठून यायचा? पण विचारणार कोण? दलात अकरा जण होते. दादांनी कल्याणच्या बाजारातून त्यांना खाकी अर्ध्या चड्ड्या आणल्या, आणि सगळ्या एकाच मापाच्या. ते माप दादांचं स्वतःचं होतं. दादांचं पोट म्हणजे काय सांगू, भाताची कणगी. त्यामुळं दलातला प्रत्येक जवान एका हातानं लाठी आणि दुसऱ्या हातानं चड्डी धरून गस्त घालायचा. शिट्टी वाजवायची वेळ आली की पंचाईत व्हायची. लाठी सोडावी की चड्डी, यावर त्यांच्यात एकदा मारामारीही झाली.

गोपीनाथ घरोघर जाऊन सांगायचा, "होडीच्या पेटीत दादांनी इंचू सोडलाय. चिठ्ठी टाकाल त डसंल."

कोळीवाड्यातली गोदा म्हणाली, "मंग डाव्या हातान टाकीन. डावा हात तसाबी रिकामाच असतंय, डसंना का."

आज हे लिहिताना हसू येतं. पण त्याच संध्याकाळी दलानं गोदाची पाटी रस्त्यावर उपडी केली, सगळी मासळी तुडवली आणि अकरा जण तिच्या दारात लाठ्या आपटत उभे राहिले. तेव्हा कुणी हसलं नाही. मीही सायकल वळवून दुसऱ्या वाटेनं घरी गेलो. चड्डी सैल असली तरी लाठी घट्टच होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी दादांनी मला अंगणात बोलावलं. दादा नुकतेच ठाण्याला जाऊन आले होते आणि तिथून एक बातमी घेऊन आले होते. मत दिलं की सरकार शाई लावतं, ती पुसता येत नाही, आणि शाई दिसली की त्या माणसाला पुन्हा मत देता येत नाही. एवढं ऐकलं आणि ते आनंदानं परतले. पुढचं काही विचारलंच नाही.

अंगणात टोपलीभर बिब्बे होते. बिब्ब्याला सुई टोचली की तेल निघतं, अंगाला लागलं की काळा डाग पडतो आणि वर फोड येतो. परीट कपड्यांवर खूण करतात ती त्यानंच. दादांनी स्वतःचा अंगठा जपत एक बिब्बा डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत धरला, उजव्या हातातल्या सुईनं टोचला आणि म्हणाले, "मास्तर, सरकारी मानूस हायेस. पयला मान तुजा. अंगठा दे."

"अंगठा?" मी म्हणालो.

"मंग काय नाक? शाई अंगठ्यालाच लावतात ना! दोनी दे. काम पक्कं पायजे."

आणि माझ्या लक्षात आलं. दादांच्या ओटीवर आजोबांपासून एकच गोष्ट चालत आली होती. कागद पुढं यायचा, शाईची डबी उघडायची, आणि गावातला माणूस अंगठा टेकवायचा. शाई आणि अंगठा ही जोडी त्यांच्या डोक्यात इतकी घट्ट बसली होती की माणसाच्या हाताला आणखी चार बोटं असतात हे दादा विसरले होते.

मी मात्र ठाण्याला दोन दिवस कचेरीत बसून शिकून आलो होतो. शाई डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला लावतात. अंगठ्याकडं कोणी ढुंकून बघत नाही.

माझी जीभ वळवळू लागली. 'दादा, आपली समजूत चुकीची आहे' हे वाक्य दातांपर्यंत आलं. मी तोंड उघडलं.

"काय?" दादा म्हणाले.

"तेल जरा कमी घ्या," मी म्हणालो. "भाजतं."

माझे दोन्ही अंगठे काळे झाले. मग दल मिठागराकडं आणि कोळीवाड्याकडं निघालं. एका माणसाचे अंगठे काळे करायला तिघे लागायचे. एक जण त्या माणसाला धरणार, एक जण बिब्बा टोचणार आणि एक जण दोघांच्या चड्ड्या सांभाळणार. अंगठा जपला तरी तेल धरणाऱ्याच्या बोटांना झोंबायचं, म्हणून बिब्बा धरायची पाळी दर चार घरांनी बदलायची. "ही सरकारची आगाऊ शाई हाय," गोपीनाथ प्रत्येकाला बजावत होता. "ही घेऊन शाळेत आला त सरळ तुरुंग." चार वाजेपर्यंत त्यांनी दोनशे माणसं उरकली; उरलेल्यांनी धाकानं दारं लावून घेतली.

शाळेला कुलूप लावत होतो तेव्हा सखुबाई आली. दोन्ही अंगठे पुढं धरलेले.

"मास्तर, नाव हाय ना अजून?"

"आहे."

"नाव हाय, पन मत नेलं त्याननी." ती डोळे पुसत पायरीवर बसली. "मी त्याना बोल्ले, मना धरू नको, मी उंद्या एकदाच जाईन, कोनाला काय सांगनार नाय. गोपीनाथला ल्हान असताना मी मांडीवर घेतलंय. त्यानच माजा हात धरला."

सांगू की नको? बोट दाखवलं असतं तर एका क्षणात तिचं रडं थांबलं असतं. पण सखुबाईला सांगणं म्हणजे गावाला सांगणं, आणि गावाला सांगणं म्हणजे गोपीनाथला. टोपलीत अजून बिब्बे होते आणि माणसाला आठ बोटं शिल्लक होती.

"उद्या या तर खरं," मी म्हणालो.

"कनाला? सायबाच्या म्होरं लाज कराला?"

ती उठली. मिठाची पुडी तिनं कमरेला तशीच खोचून परत नेली. दीड वर्षांत पहिल्यांदा. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी घरी बायकोनं आमटीत काय चुकवलं तेही मी सांगितलं नाही. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

सकाळी आठला मतदान सुरू झालं. ठाण्याहून आलेले कर्णिकसाहेब मुख्य अधिकारी. बारीक अंगाचे, चष्म्यावरून बघणारे, नियमांना देव मानणारे. दारात एक शिपाई, शाळेच्या फाटकाशी दल. माझं काम मतदार ओळखून देणं, म्हणून मला खुर्ची सोडायची परवानगी नव्हती.

साडेनऊ वाजले तरी एक माणूस आला नाही.

"मास्तर," कर्णिकसाहेब म्हणाले, "यादीत चारशे नावं आहेत. ही माणसं आहेत की तुम्ही मनानं लिहिली?"

माझा हुशारपणा माझ्याच अंगाशी आला होता. चूक दादांची होती, पण ती चूक आहे हे मला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळं गाव अंगठे फडक्यात बांधून घरात बसलं होतं. एकही खरी शाई न लावता दादांनी दोनशे मतं खाल्ली होती, आणि मी गप्प बसून त्यांना वाढत होतो. खुर्ची गेली खड्ड्यात, असं म्हणून मी उठणार एवढ्यात बाहेर ताशा वाजू लागला.

दौलतदादा आले. गळ्यात झेंडूचा हार, मागं अख्खं दल. पहिलं मत स्वतःचं स्वतःला द्यायचं, मग दलातल्या अकरा जणांनी, असा बेत होता.

"डावा हात," कर्णिकसाहेब म्हणाले.

दादांनी ऐटीत अंगठा पुढं केला. स्वच्छ, गोरा, तेल लावलेला.

"अंगठा नको. पहिलं बोट."

बोट पुढं आलं. काल बिब्बा धरलेलं बोट. नखापासून पेरापर्यंत काळं कुळकुळीत.

कर्णिकसाहेबांनी चष्मा वर केला. "आपण मत देऊन आलात. दुसरं मत मिळणार नाही. पुढचा."

"अवो, मी आत्ताच आलू! उमेदवार हाय मी!"

"उमेदवाराला दोन मतं द्यावीत असा नियम नाही. पुढचा."

पुढचा गोपीनाथ. बोट काळं. त्याच्या मागं धाकू. बोट काळं. अकराच्या अकरा बोटं काळी, आणि सगळी डाव्या हाताची पहिली. पाळीपाळीनं धरला होता ना बिब्बा! दादांना काय झालं ते अजून उमजत नव्हतं. ते एकदा बोटाकडं, एकदा अंगठ्याकडं बघत होते.

काकांची अब्रू वाचवायला गोपीनाथ पुढं सरसावला. "सायब, ही शाई नाय! आईशप्पत! बिब्बा हाय यो! काल दोनशे मानसांना आमीच लावलाय, मत देऊ नये म्हनून! कोनालाबी इचारा!"

ताशेवाल्यानंसुद्धा हात आवरला.

"असं," कर्णिकसाहेब म्हणाले. "बिब्बा असेल, तर तुम्ही मतदारांना अडवलंत. मग मी शिपायाला सांगतो, पोलीस येतील. शाई असेल, तर तुमचं मत देऊन झालं, घरी जा. काय लिहू? बिब्बा की शाई?"

बारा जणांनी एकमेकांकडं पाहिलं.

"शाई," गोपीनाथ बारीक आवाजात म्हणाला.

"शाई, शाई," बाकीच्यांनी री ओढली. दादांनी हार काढून खिशात कोंबला. तो मावेना.

मी खुर्चीवरून उडी मारली. "साहेब, पाच मिनिटं!" म्हणालो, आणि परवानगीची वाट न बघता पळालो. धोतर सावरत, दोन्ही काळे अंगठे हवेत नाचवत मी कोळीवाड्यातून, मिठागराच्या बांधावरून ओरडत सुटलो, "अंगठा नाही! बोट! बोट बघतात! सगळ्यांनी चला!" आधी लोकांना वाटलं, मास्तरांच्या डोक्यात बिब्ब्याचं तेल चढलं. मग गोदानं आपलं डावं बोट वर करून बघितलं. स्वच्छ होतं. ती अशी काही हसली की अख्खा वाडा दारात आला.

दहा वाजता शाळेपुढं रांग लागली. सगळ्यांच्या अंगठ्यांना खोबरेल आणि फडकी, आणि प्रत्येकाचं एक बोट वर. फाटकाशी दल उभं होतं, पण त्यांनी लाठी उगारायच्या आत गोदा म्हणाली, "काय र, शाई का बिब्बा?" आणि सगळी रांग हसली. एकदा लोक हसले की लाठीचं वजन जातं. हात वर करावा तर चड्डी, चड्डी धरावी तर लाठी. अकरा जण हळूहळू एकेक करून पांगले.

सखुबाई बाराच्या सुमाराला आली. इस्त्रीचं नव्हे, पण धुतलेलं लुगडं. मी यादीत बोट ठेवलं आणि मुद्दाम मोठ्यानं वाचलं, "सखुबाई." तिनं मान डोलावली. बोटाला खरी शाई लागली आणि ती पडद्याआड गेली. किती तरी वेळ आलीच नाही. कर्णिकसाहेब खाकरले, शिपाई खाकरला.

"काय करत होता आत?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"काय नाय. चिठ्ठी कवाच टाकली. मंग जराशी उबी रायले. आत कोन नव्हतं. मी एकलीच व्हते."

मतदान संपलं तेव्हा कर्णिकसाहेब कागद घेऊन बसले. "त्या लोकांनी शाई म्हणून सांगितलं, पण मी आंधळा नाही," ते म्हणाले. "मात्र कुणीतरी तक्रार दिली पाहिजे. स्वतःच्या नावानं. नाहीतर हे दल पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभं राहील, आणि तेव्हा त्यांना बोट माहीत असेल."

ओट्यावर पन्नास माणसं होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मत पडद्याआड दिलं होतं, तक्रार उघड्यावर द्यायची होती. दौलतदादांच्या गावात, दौलतदादांच्या विरुद्ध. मी सरकारी नोकर, असं स्वतःला सांगत मीही पायांच्या नखांकडं बघू लागलो.

"नाव लागतंय?" सखुबाई म्हणाली. "माजं हाय. यादीत हाय. माजं लिवा."

तिनं सगळं सांगितलं. मांडीवर घेतलेला गोपीनाथ, धरलेला हात, आगाऊ शाई. कर्णिकसाहेबांनी लिहून काढलं, वाचून दाखवलं आणि शिक्क्याची शाई पुढं केली. "अंगठा."

सखुबाईनं फडकं सोडलं. दोन्ही अंगठे फुगून टम्म झाले होते, वर पाण्याचे फोड. त्यांचा ठसा कसला उमटणार? कागद नुसता ओला झाला असता.

"अंगठा नाही, तर सही लागेल," कर्णिकसाहेब म्हणाले. "नाहीतर हा कागद रद्दी."

सखुबाईनं माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, ती यादी आना. माजी वळ मना ठावकी हाय."

मी यादी उघडून तिच्यापुढं ठेवली. तिनं पेन्सिल अंगठ्याशिवायच, पहिल्या दोन बोटांच्या मध्ये अडकवली आणि ओट्यावर पालथी होऊन लिहायला लागली. पाऊण तास लागला. एकेक रेघ ती यादीतून बघायची, श्वास रोखायची आणि कागदावर ओढायची. मधेच पेन्सिल सुटायची. मी दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून उभा होतो. ठाण्याची शेवटची गाडी चुकेल म्हणून शिपाई कुरकुरत होता. कर्णिकसाहेबांनी त्याला गप्प बसवलं.

शेवटी तिनं कागद सरळ केला. स आडवा झाला होता. ख चा एक भाग कर्णिकसाहेबांच्या मजकुरात शिरला होता. बाई दुसऱ्या ओळीत उतरली होती. वळणं, अंतरं, रेघा, काहीच जागेवर नव्हतं. बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं वाईट अक्षर मी पाहिलं नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

कर्णिकसाहेबांनी कागद दिव्याजवळ नेला, लांब धरला, जवळ धरला.

"मास्तर, कचेरीत हे कुणाला लागणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही खाली जरा सुधारून लिहा."

सखुबाई माझ्याकडं बघत होती. सगळा ओटा माझ्याकडं बघत होता, कारण मास्तरांची खोड गावाला माहीत होती.

"साहेब," मी म्हणालो, "त्यात सुधारण्यासारखं काही नाही."

सखुबाईनं कमरेची कालची पुडी काढून माझ्या काळ्या अंगठ्यांच्या हातावर ठेवली, आणि नाव अजून आहे का, हे न विचारताच घरी गेली.